रकाना क्रमांक अकरा

रुवीत, शिंप्याच्या दुकानावरच्या खोलीत
शुक्रवारी सकाळी आम्ही सातजण बसतो.
पंखा एकच, तो परकारचाचांकडे वळवलेला,
कारण वयाने ते मोठे
आणि खोली त्यांच्या पुतण्याची.

टेबलावर अर्ज. सोळा पानं.
कुठल्याशा सिमेंट कंपनीने यंदा
छोट्या गटांसाठी पैसे बाजूला काढलेत,
हे फिलोमिनाला कळलं दवाखान्याच्या काउंटरवर,
कोणाच्या तरी फोनवरच्या बोलण्यातून.
कान तिचे तिखट.

रकाना दोन : आपण काय करता?
चष्मे देतो.
जवळचे, साधे. दीड नंबर, दोन, अडीच.
नगाला एक रियाल आठशे बैसा.
चाळिशी ओलांडलेल्या माणसाला
तारेतली लाल आणि तपकिरी वेगळी दिसावी,
सुईचं नेढं सापडावं,
गोळ्यांच्या पाकिटावरची तारीख लागावी,
इतकंच.

इतकंच, असं लिहायचं नसतं म्हणे.
हळदणकर बँकेत आहे, त्याला कागदाची भूक माहीत.
त्याने लिहिलं : दृष्टी-सक्षमीकरण.
परकारचाचांनी तो शब्द तोंडात दोनदा घोळवला
आणि बाजूला काढून ठेवला
खजुराच्या बीसारखा.

रकाना चार : नोंदणी क्रमांक.
तो आमच्याकडे नाही.
परक्या मुलखात असं डबा फिरवून चालत नाही,
म्हणून मोठ्या मंडळाच्या छत्रीखाली उभं राहायचं.
छत्रीचा दांडा सेक्रेटरीच्या हातात.
तो म्हणाला, हो, पण बॅनरवर आमचं नाव वर,
कंपनीचं मध्ये,
तुमचं, जागा उरली तर.

रकाना सात : लाभार्थी. वय, लिंग, मासिक उत्पन्न.
माझ्या वहीत तसं काही नाही.
माझ्या वहीत आहे :
निळी डांगरी, दोन नंबर, पैसे नंतर.
भाताच्या हॉटेलातला, अडीच. हसला.
वेल्डर, नेपाळी, दीड. तरी पाणी येतं, डॉक्टरकडे पाठवणे.
पासपोर्टवर स्वतःचं नाव नीट पाहिलं,
स्पेलिंग चुकलंय म्हणाला.
अकरा वर्षं झाली इथे.

मग रकाना अकरा. अक्षर मुंगीएवढं.
मी कागद लांब धरला, आणखी लांब,
हात संपला.
खजिनदार मी, खोक्याची किल्ली माझ्या पर्समध्ये,
आणि दोन वर्षं मीच सांगत आलेय
की या खोलीत उजेड कमी आहे.
फिलोमिनाने काही न बोलता खोकं उघडलं,
दोन नंबरचा एक काढून माझ्या नाकावर बसवला.
"एक रियाल आठशे," चाचा म्हणाले. "वहीत मांड."

रकाना असा होता :
अनुदान संपल्यावर, तीन वर्षांनी,
ही गरज उरू नये यासाठी आपली योजना काय?

खाली मशीन थांबलं. पुन्हा सुरू झालं.
हळदणकरने पेन उघडलं, मिटलं.
माझ्या शाळकरी इंग्रजीत मीच लिहिलं :
तीन वर्षांनी नंबर वाढतो.

जिना उतरताना चष्मा काढायचं राहून गेलं.
समोरचे तपकिरी डोंगर
चहात बुडवलेल्या बिस्किटासारखे मऊ पडलेले,
आणि हातातल्या पावतीवरचा प्रत्येक बैसा
खणखणीत.

अर्ज रविवारी दिला.
उत्तर आलं नाही, किंवा आलंही असेल
मंडळाच्या ईमेलवर,
सेक्रेटरी चिपळूणला गेलाय, मेव्हणीच्या लग्नाला.

वहीत शेवटची ओळ :
खजिनदार, दोन नंबर, पैसे नंतर.
खोक्यात सतरा उरलेत.
त्यात अडीचचा एकही नाही,
आणि परवा शुक्रवार.